पेटी उघडली का कुणी?

द्राक्षाची पेटी मी पहिल्यांदा पाहिली ती लाकडाची. १९८४ साल. मी चौथीत होतो. निफाड तालुक्यातलं आमचं गाव, घरची साडेतीन एकर बाग. त्यातली जुनी भोकरी काढून नानांनी नुकतीच थॉम्पसन लावली होती. माल निघायच्या आधी ओट्यावर पातळ फळ्यांचे ढीग येऊन पडायचे आणि सुतार दिवसभर खोकी ठोकत बसायचा. त्या ठकठकीवरून गल्लीला कळायचं, की यांची बाग तुटायला आली.

माझ्याकडे कात्रणांचं काम होतं. रद्दीच्या पेपरांच्या बारीक पट्ट्या कापायच्या आणि पेटीच्या तळाशी त्यांची गादी करायची. मी कापता कापता वाचत बसायचो आणि आईचा धपाटा खायचो. कपिलदेवनं वर्ल्ड कप उचलल्याची बातमी मी अशी आठ महिन्यांनी पुन्हा वाचली, तिच्या पट्ट्या केल्या आणि कलकत्त्याला पाठवून दिल्या. पेटी ट्रकनं कलकत्त्याला जायची, दिल्लीला जायची. तिथं ती कोण उघडतो, काय म्हणतो, ते आम्हाला कधीच कळायचं नाही. कळायचा तो फक्त भाव, आणि तोही आडत्याच्या पट्टीवर.

त्या काळी पेटी भरण्याची एक रीत होती. तळाला बारीक माल, मध्ये मध्यम आणि वरच्या थराला असे घड की बघणाऱ्यानं बघतच राहावं. सगळेच तसं करायचे, म्हणून ती लबाडी वाटायची नाही. नाना मात्र तळाला आणि वर एकच माल भरायचे. आई म्हणायची, ‘‘अहो, भाव तर सगळ्यांना सारखाच मिळतो. मग तुम्हीच कशाला?’’ नाना म्हणायचे, ‘‘उघडणाऱ्याला आपलं नाव माहीत नसतं गं. पण माणूस कसा आहे ते त्याला कळतं.’’

पुढं आयुष्यभर आम्ही पेट्याच भरल्या. लाकडाची जाऊन पुठ्ठ्याची आली, कलकत्ता जाऊन रॉटरडॅम आलं. पण नानांच्या त्या बोलण्याचा पुरता अर्थ मला कळायला २०१० साल उजाडावं लागलं. आणि तो नानांकडून नाही, पॅकिंगच्या एका बाईकडून कळला.

१९९१ मध्ये महाग्रेप्स निघाली आणि आमच्या भागात ‘एक्स्पोर्ट’ हा शब्द शेताच्या बांधावर आला. आम्ही त्या वाटेला जरा उशिराच गेलो. नाना म्हणायचे, दुसऱ्याचं आधी बघू. बघितलं आणि मग उडी घेतली. भावकीतल्या चौघांनी मिळून २००५ मध्ये पॅकिंगचं शेड उभं केलं, त्याची नोंदणी केली. निर्यातदाराचा सुपरवायझर हंगामात आमच्याकडे येऊन राहायचा. माल त्यांच्या नावानं जायचा, शेड आणि मजूर आमचे. मजुरांचा हिशेब नानांकडे होता. माझ्याकडे वजनाचा काटा, लेबलं आणि कागदपत्रं होती.

एक्स्पोर्टची पेटी भरायची म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगूनही पटत नाही. पहाटे उजाडता उजाडता तोडणी सुरू करायची, ऊन चढायच्या आत आटपायची. घड देठाला धरून कात्रीनं तोडायचा. मण्याला बोट लागता कामा नये, कारण मण्यावर धुक्यासारखा एक पांढुरका थर असतो. बोट लागलं की तिथं डाग उमटतो, आणि तो डाग सात समुद्र ओलांडून तिकडच्या दुकानात तसाच दिसतो. क्रेटमध्ये खाली बबलशीट, त्यावर घडांचा एकच थर. घडावर घड ठेवायचा नाही.

शेडमध्ये आल्यावर खरं काम. लांब टेबलं, दोन्ही बाजूंनी बाया उभ्या. अंगात अ‍ॅप्रन, डोक्याला टोपी, हातात बोथट टोकाची बारीक कात्री. घड उचलायचा, डोळ्यासमोर धरून सावकाश फिरवायचा. बारीक मणी, तडकलेला मणी, उन्हानं भाजलेला मणी, दबलेला मणी एकेक करून काढायचा. शेजारच्या चांगल्या मण्याला कात्रीचं टोक लागलं, तर तोही गेला. रिंग म्हणून एक भोकांची पट्टी असायची. तिच्या १८ मिलिमीटरच्या भोकातून जो मणी खाली पडेल तो त्या मालाचा नाही. पुढं पुढं बायांना रिंग लागेनाशी झाली. नजरेनंच त्या १७ आणि १८ मधला फरक सांगायच्या.

मग अर्ध्या किलोचं पनेट, अशी दहा पनेटं की पाच किलोची पेटी. काट्यावर मात्र बरोबर पाचशे ग्रॅम भरून चालत नाही. द्राक्ष वाटेत पाणी सोडतं. म्हणून थोडं जास्त भरायचं, म्हणजे तिकडं काट्यावर ठेवल्यावर पाचशेच्या खाली येत नाही. कमी भरलं तर माल परत आणि जास्त भरलं तर आपलं नुकसान. दोनचार मण्यांवर सगळा खेळ.

सगळ्यात शेवटी पेटीत एक कागद घालायचा. दिसायला साधा, पण त्यात सोडियम मेटाबायसल्फाइट असतं. पेटीतल्या ओलाव्यानं त्यातून हळूहळू गंधकाचा वायू सुटतो आणि बुरशी धरू देत नाही. तीन-साडेतीन आठवड्यांचा जहाजाचा प्रवास द्राक्ष त्या कागदाच्या जिवावर करतं. तो कागद उलटा पडला किंवा पेटीत फार पाणी सुटलं, तर तोच वायू मण्याचा रंग उडवतो. देठाजवळ मणी पांढरा पडतो. म्हणजे राखणदारच चोर. तो घालायचं काम सुपरवायझर कुणालाही द्यायचा नाही. ते मावशीकडं होतं.

पॅकिंगच्या बाया आमच्याकडे यायच्या त्या सुरगाण्याकडच्या. भाताचं आणि नागलीचं काम उरकलं, की तिकडं हाताला काम नसतं. मग टेम्पोत बसून तीन-साडेतीन महिन्यांसाठी द्राक्षपट्ट्यात उतरायचं. बत्तीस बायांची ती टोळी, आणि मावशी त्यांची म्होरकी. वय तेव्हा पंचेचाळीसच्या पुढं असेल. अंगानं काटक, बोलायला कमी. शाळेची पायरी चढलेली नव्हती, पण पनेट हातात घेतलं की वजन सांगायची. मी काट्यावर ठेवून बघायचो. चार-पाच ग्रॅम इकडं तिकडं. पहिल्या वर्षी मी तिची परीक्षा घेत होतो. दुसऱ्या वर्षापासून काट्याची घ्यायला लागलो. आकडा विचित्र आला, की आधी तिच्या हातात पनेट द्यायचं. ती ‘‘काटा खोटं बोलतोय’’ म्हणाली, की काटा पुसून पुन्हा लावायचा.

शेडच्या नियमांवरून पहिल्याच हंगामात अडलं होतं. नखं वाढलेली नकोत, अंगठी नको, काचेच्या बांगड्या तर अजिबातच नकोत. काचेचा बारकासा तुकडा पेटीत गेला, तर अख्ख्या शेडची नोंदणी जाईल. सुपरवायझर पोरगा शहरातला. त्यानं टेबलासमोर उभं राहून सरळ सांगितलं, ‘‘बांगड्या काढा.’’ सगळ्या बाया हात पदराखाली घेऊन उभ्या राहिल्या. लग्न झालेल्या बाईला बांगड्या काढ म्हणायचं नसतं, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. आमच्याकडे बांगडी फुटली तरी ‘वाढली’ म्हणतात.

अर्धा तास काम बंद. घड क्रेटमध्ये गरम होत चाललेले. शेवटी आई आली. तिनं स्वतःच्या हातातल्या बांगड्या उतरवून रुमालात बांधल्या, मनगटाला काळा दोरा बांधला आणि टेबलाला जाऊन उभी राहिली. मग एकेकीनं उतरवल्या. आईनं प्रत्येकीच्या बांगड्या वेगवेगळ्या पुरचुंडीत बांधल्या आणि देवघरात ठेवल्या. संध्याकाळी सुट्टी झाली, की देवघरासमोर रांग लागायची आणि आई ज्याची त्याला पुरचुंडी द्यायची. साडेतीन महिने रोज.

मावशी त्या रांगेत नसायची. पहिल्या दिवशीच ती सगळ्यांच्या आधी टेबलाशी जाऊन उभी राहिली होती. नंतर आईला म्हणाली, ‘‘माझं सोपं आहे वैनी. मला काय उतरवायचं?’’ तिचा नवरा जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती.

२००९ च्या एप्रिलमध्ये आम्ही नेहमीसारखी खरड छाटणी केली आणि नेहमीसारख्या फवारण्या केल्या. छाटणीनंतर वेल पाल्याला फार जोर करतो. तो जोर आवरावा आणि काडीत घड तयार व्हावा, म्हणून एक औषध मारतात, क्लोरमेक्वॅट क्लोराइड. आमच्याकडे त्याला ‘सीसीसी’च म्हणतात. सगळे मारायचे. कुणी लपवून मारलं नाही, कारण त्यात लपवण्यासारखं काही आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. माल पाठवण्याआधी प्रयोगशाळेत नमुना जायचा, औषधांच्या भल्या मोठ्या यादीप्रमाणे तपासला जायचा. आमचा नमुना पास झाला. त्या यादीत सीसीसी नव्हतंच.

२०१० चा हंगाम सुंदर होता. असा माल पुन्हा झाला नाही. मणी टपोरे, रंग दुधाळ हिरवा, गोडी भरलेली. आमच्या शेडमधून कंटेनर मागून कंटेनर निघाले. एका कंटेनरमध्ये बारा-तेरा टन माल. शेवटचे दोन गेले, तेव्हा नानांनी कंटेनरच्या दाराला कुंकू लावून नारळ फोडला. बायांचा हंगाम संपला. शेवटच्या अठरा दिवसांचा हिशेब बाकी होता. नाना म्हणाले, ‘‘पेमेंट आलं की मी स्वतः घेऊन येतो.’’ बाया टेम्पोत बसून गेल्या. दरवर्षी तसंच व्हायचं.

एप्रिलच्या शेवटी फोन यायला सुरुवात झाली. युरोपात माल अडकलाय. कुणाचा? सगळ्यांचा. तिकडच्या प्रयोगशाळांनी सीसीसी तपासलं होतं आणि ते सापडलं होतं. त्यांची मर्यादा होती ०.०५, म्हणजे दहा लाख भागांत एका भागाचा विसावा हिस्सा. एवढा अंश डोळ्याला दिसत नाही, जिभेला लागत नाही. दुकानांनी माल उचलणं बंद केलं. जहाजं वाटेत, कंटेनर बंदरात. काही माल कवडीमोलानं विकला गेला, काही नष्ट केला, त्याचा खर्चही वर लागला. आमच्या भागात चहाच्या टपरीवर बसलेली माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघायची नाहीत. ज्यांचा एक कंटेनर अडकला होता ते बोलायचे. ज्यांचे चार अडकले होते ते गप्प.

आमचे शेवटचे दोन्ही अडकले. निर्यातदार म्हणाला, मलाच मिळाले नाहीत तर देऊ कुठून? त्याचंही खोटं नव्हतं. बँकेचं पीककर्ज, औषधांची उधारी, शेडचा हप्ता, सगळं एकाच महिन्यात दारात येऊन उभं राहिलं. मी वही उघडून आकडे मांडायचो आणि मिटवायचो. नाना मात्र एकच आकडा धरून बसले होते. बत्तीस बाया, अठरा दिवस, १२० रुपये रोज. ६९,१२० रुपये.

मी म्हणालो, ‘‘नाना, बँकेचं आधी बघू. बायांना दिवाळीला देऊ. त्या समजून घेतील.’’

नाना म्हणाले, ‘‘समजून घेतील म्हणून त्यांना शेवटी ठेवायचं?’’

त्या रात्री ओट्यावर ते आणि आई बराच वेळ बसले होते. काय बोलले ते मला माहीत नाही. दोन दिवसांनी आईच्या हातात पाटल्या नव्हत्या. मी विचारलं, तर म्हणाली, ‘‘शेडात तशाही चालत नाहीत.’’ आणि हसली. मला हसू आलं नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी आणि नाना जीपनं निघालो. दिंडोरी, वणी मागं पडली. सप्तशृंगीचा डोंगर ढगात होता. पुढं रस्ता वळणावळणाचा, दोन्ही बाजूंना उतारावर राब भाजून काळी झालेली वावरं, पावसाची वाट बघत. इतकी वर्षं त्या बाया आमच्याकडे येत होत्या आणि मी पहिल्यांदा त्यांच्या गावाला चाललो होतो. आमचा एक मणी नेदरलँडपर्यंत कोणत्या तापमानाला जातो ते मला पाठ होतं. पण या बाया ज्या रस्त्यानं येतात तो मी बघितलेला नव्हता.

पाड्यावर पोचलो तेव्हा दुपार झाली होती. कुडाची घरं, शेणानं सारवलेली, वर कौलं. मावशी दारात बसून मोहाच्या बियांची टरफलं काढत होती. आम्हाला बघून उठली नाही. तशीच बसून राहिली, हात थांबले. मग आत जाऊन पाणी घेऊन आली. नानांनी पैशांचं पुडकं काढलं, यादी काढली. हळूहळू बाया गोळा झाल्या. मी नावं वाचत होतो, नाना मोजून हातात देत होते. कुणी काही बोललं नाही. पैसे मिळाल्यावर माणसं बोलतात, हसतात. इथं सगळ्या मावशीकडं बघत होत्या.

यादी संपली. मावशीनं आपले पैसे न मोजता कनवटीला खोचले आणि खाली बघून विचारलं, ‘‘नाना, पेटी उघडली का कुणी?’’

नानांना कळेना. ‘‘कोणती पेटी?’’

‘‘तिकडं. माल फेकला म्हणतात. पेटी उघडून फेकला का?’’ मग जरा थांबून, ‘‘कागद उलटा पडला का माझा? आमचा हात चुकला का?’’

त्यांच्याकडं बातमी पोचली होती. टेम्पोवाल्यानं सांगितली, की युरोपनं माल फेकून दिला. का फेकला, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. आणि या बत्तीस बाया महिनाभर रोज रात्री एकमेकींना विचारत होत्या, की आपल्यापैकी कुणाचा हात चुकला. एकीला वाटत होतं, तिनं शेवटच्या दिवशी ताप असताना काम केलं, तिच्याकडून सडका मणी राहून गेला. एकीला वाटत होतं, तिच्या केसांची क्लिप पेटीत पडली. दुसरीनं बांगडी लपवून घातली होती एक दिवस, भाऊ येणार होता म्हणून. ती रडून रडून आजारी पडली होती. आणि मावशीला वाटत होतं, कागद.

नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘नाही गं बाई. पेटी चांगली होती. तुमचा हात कुठं चुकला नाही. फवारा आम्ही मारला होता. चूक फवाऱ्यात निघाली. आमची.’’

‘‘म्हणजे सडलं नव्हतं?’’

‘‘एक मणी सडला नव्हता.’’

मावशीनं मान हलवली. मागं वळून बायांना त्यांच्या बोलीत काहीतरी सांगितलं. तेव्हा कुठं त्या बोलायला लागल्या, सगळ्या एकदम. ती बांगडीवाली पोरगी तोंडाला पदर लावून घरात पळाली. मावशीनं पैसे कनवटीतून काढले आणि मग मोजले.

परतताना वणीपर्यंत नाना गप्प होते. पावसाचे पहिले थेंब काचेवर पडायला लागले, तेव्हा म्हणाले, ‘‘आपल्या पेटीवर किती नंबर असतात रे?’’

मी सांगितले. बागेचा नोंदणी नंबर, शेडचा नंबर, तारीख, लॉट. ग्रेपनेट आल्यापासून पेटीवरच्या लेबलावरून कोणती द्राक्षं कुणाच्या कोणत्या बागेतली, ते तिकडं बसून कळतं.

‘‘म्हणजे चुकलं तर आपल्यापर्यंत येता येतं,’’ नाना म्हणाले. ‘‘आपल्याला चुकलं ते कळलं. मे महिन्यातच कळलं. आणि आपण त्यांना कळवलं नाही.’’

मी काय बोलणार? बँकेत जाऊन मी तीन वेळा सगळं समजावून सांगितलं होतं. औषधवाल्याला सांगितलं होतं, पाहुण्यांना सांगितलं होतं. ज्या हातांनी प्रत्येक घड डोळ्यासमोर धरून फिरवला होता, त्यांना सांगावं असं माझ्या मनात एकदाही आलं नाही. मजुरी द्यायची राहिली, हे आम्हाला टोचत होतं. पण त्यांना मजुरीपेक्षा दुसरंच काही टोचत असेल, हे आमच्या हिशेबातच नव्हतं. लाकडी पेटी भरताना नाना म्हणायचे ना, उघडणाऱ्याला माणूस कळतो. ते या बायांनी आमच्यापेक्षा जास्त खरं मानलं होतं.

पुढच्या वर्षी सीसीसी तपासणीच्या यादीत आलं. आम्ही ते बंद केलं. पाल्याचा जोर आवरायला शेंडे खुडणं, पाणी बेतानं देणं, असे हाताचे उपाय वाढवले. झालेल्या नुकसानीतून बाहेर यायला आम्हाला पाच वर्षं लागली. भावकीतल्या एकानं बाग तोडून टाकली आणि पुन्हा लावली नाही. आईच्या पाटल्या परत झाल्या, पण तशा नाही, हलक्या.

शेडमध्ये मात्र एक नवी रीत सुरू झाली. कंटेनर तिकडं पोचला, की काही पेट्या उघडून तपासतात आणि त्याचा रिपोर्ट येतो. गळलेले मणी किती, सड किती, देठ हिरवा की सुकलेला, पनेटचं वजन किती भरलं. सोबत फोटो. पूर्वी तो रिपोर्ट माझ्या फाइलमध्ये जायचा. नानांनी सांगितलं, ‘‘बायांना वाचून दाखव.’’ सुपरवायझर म्हणाला, त्यांना काय समजणार? पहिल्याच रिपोर्टला मावशीनं विचारलं, ‘‘देठ सुकलाय, तो सगळ्या पेट्यांत की वरच्या पेट्यांत?’’ सुपरवायझरनं कागद पुन्हा बघितला. वरच्याच होत्या. आमच्याकडून गाडी भरताना वरच्या थराला उशीर होत होता आणि तेवढा वेळ तो माल उन्हात राहत होता. प्रीकूलिंगला जायच्या आधीच देठातलं पाणी गेलं होतं. दुसऱ्या दिवशी गाडीवर ओलं गोणपाट आलं. पुढच्या रिपोर्टला देठ हिरवा.

नाना जाऊन आता सहा वर्षं झाली. रिपोर्ट मी वाचतो. २०२४ च्या हंगामात तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होत होते, म्हणून आमचे कंटेनर सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून गेले. दोन आठवडे जास्त. त्या वर्षी रिपोर्ट बरे नव्हते. देठ तपकिरी, मणी गळालेले. वाचण्याआधी मी पुठ्ठ्याच्या रिकाम्या पेटीच्या मागं नकाशा काढला, मुंबई कुठं, सुएझ कुठं, आफ्रिका कशी खाली लांब गेलेली. ‘‘इकडून जायचं ते इकडून गेलं,’’ असं दाखवलं. मग आकडे वाचले. बाया नकाशाकडं बघत होत्या. एक म्हणाली, ‘‘एवढं फिरून गेलं म्हटल्यावर टिकलं ते नवलच.’’

मावशी आता येत नाही. गुडघे गेले, टेबलाला उभं राहवत नाही. टोळी तिची सून आणते. कागद घालायचं काम सुनेकडं आहे. हंगामाच्या शेवटी प्रत्येक बाईला आम्ही एक पेटी देतो, तिनंच भरलेली. मावशीचीही एक असते, सुनेच्या हाती. देताना आतला कागद तेवढा काढून घेतो.

पहिला रिपोर्ट आला, की संध्याकाळी सून मला फोन लावून देते. मी म्हणतो, ‘‘मावशी, आला बघ.’’ आणि वाचतो. सड नाही. गळ थोडी. देठ हिरवा. तिकडून काही आवाज येत नाही. लाइन गेली की काय, असं वाटेपर्यंत शांत. मग विचारते,

‘‘वजन भरलं का?’’

‘‘भरलं मावशी. पाचशे सहा.’’

‘‘बरं,’’ म्हणते, आणि फोन सुनेकडं देते.